वाचक विचारतात : काझीरंगात पाणी येणारच

मागच्या अंकात काझीरंगावर चार पानं लिहिली आणि वाटलं, झालं. पण पत्रं येत राहिली आणि संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला. ज्यांच्या वाचनात तो लेख आला नाही त्यांच्यासाठी ओळख: मी मूळची कराडची, पेशानं डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं आसामात, गोलाघाट जिल्ह्यातल्या एका चहाच्या बागेच्या दवाखान्यात गेली. बागेमागे कार्बी लोकांचे डोंगर, पुढे हायवे आणि हायवेच्या पलीकडे काझीरंगा. बागेतले मजूर, डोंगरातली कार्बी माणसं आणि जंगल खात्याचे गार्ड हे माझे पेशंट. प्राणिशास्त्र मी शिकलेली नाही. जे सांगते ते पाहिलेलं, या माणसांकडून ऐकलेलं आणि मागाहून वाचून पडताळलेलं आहे. सारख्या प्रश्नांचा एकच प्रश्न केलाय, नाराज होऊ नये.

सांगलीहून एक ताई लिहितात: "2019 साली आमच्या घरात छातीभर पाणी होतं. त्यामुळे काझीरंगात पुरानं हरणं, गेंडे मेले ही बातमी माझ्यानं वाचवत नाही. इतकं जगप्रसिद्ध जंगल, मग ब्रह्मपुत्रेच्या बाजूनं एकदाचा भक्कम बांध का घालत नाहीत?"

ताई, हाच प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे, म्हणून तुमचं पत्र वर घेतलं. बांध घालत नाहीत, कारण बांध घातला तर वाचवायला काझीरंगा उरणारच नाही.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला ब्रह्मपुत्रा, दक्षिणेला कार्बी आंगलाँगचे डोंगर आणि मधे पूर्व-पश्चिम पसरलेला सपाट पट्टा. 1974 साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा साधारण 430 चौरस किलोमीटर जागा त्यात होती. हा सगळा नदीनं आणून टाकलेला गाळ आहे, आपल्या कृष्णाकाठच्या मळीसारखा, फक्त तुमची-माझी नजर पोचणार नाही एवढा. नदीनं वळण बदललं की जुनं वळण तुटून मागे राहतं, त्यात पाणी साठतं. त्याला तिकडे बील म्हणतात. अशी लहानमोठी बिलं तिथं किती आहेत हे कुठल्या महिन्यात मोजता त्यावर ठरतं. बिलाच्या काठाला आखूड ओलं गवत, जरा वर हत्ती दडेल एवढं उंच गवत आणि त्याच्याही वर, जिथं पाणी फार दिवस थांबत नाही तिथं झाडं. हा फरक डोंगराएवढ्या चढाचा नाही. चार-दोन फूट जमीन वर उचलली गेली की गवत संपून झाडं लागतात.

आता पाणी येतं कसं ते बघा. नदी काठावरून धो धो आत शिरते असं चित्र आपण रंगवतो. तसंही होतं, पण ते नंतर. सांगलीकराला फुगवटा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. ब्रह्मपुत्रा भरली की डिफलूसारख्या छोट्या नद्यांचं पाणी पुढे घुसत नाही, ते मागे सरायला लागतं. नाल्यांतून बिलांत, बिलांतून गवतात. सुरुवातीला आवाजसुद्धा नसतो. काल सायकल जात होती त्या वाटेवर आज घोटाभर पाणी, एवढंच दिसतं.

हे पाणी काय काय करतं? वर्षभर बिलांवर माजलेली जलपर्णी ढकलून बाहेर काढतं. मासे त्याच पाण्यातून बिलांत चढतात आणि तिथं वाढतात. नवा गाळ पसरतो. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे गवतात घुसू बघणारी झाडांची रोपटी कुजवून टाकतं. पाणी बंद करा, काही वर्षांत झुडपं येतील, मग झाडं येतील, बिलं भरून जातील. गेंड्याला लागतं आखूड गवत आणि लोळायला चिखल. पूर अडवून आपण त्याचं ताट आणि न्हाणीघर दोन्ही काढून घेऊ.

मग जनावरं मरतात त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. मरतात, खरंच मरतात. 2012, 2017, 2020, 2024, मोठ्या पुराची ही सगळी वर्षं वाईट गेली. सर्वांत जास्त मरतं ते हॉग डिअर. डोकं खाली घालून डुकरासारखं गवतातून पळणारं बुटकं हरीण. हत्ती आणि रानम्हशी उत्तम पोहतात, मोठा गेंडाही पोहतो. गेंड्याचं पिल्लू मात्र आईपासून सुटलं की संपलं, नाहीतर कुठल्यातरी गावाच्या कडेला चिखलात रुतलेलं सापडतं. अशा पिल्लांसाठी 2002 पासून पानबारीच्या बाजूला एक उपचार केंद्र चालतं. बाटलीनं दूध पाजून वाढवलेले त्यातले काही गेंडे पुढे मानसच्या जंगलात सोडले. तिथं दंगलींच्या काळात गेंडा संपलाच होता.

पण जनावर पुराला अडाणी नसतं. पाणी वाढायला लागलं की ते निघतं. आधी जंगलातल्या उंचवट्यांवर. खात्यानं माती टाकून शंभराहून जास्त असे उंचवटे केलेत. ते पुरेनासे झाले की दक्षिणेला, कार्बी डोंगरांकडे. ही त्यांची हजारो वर्षांची वाट. आणि या वाटेवर आता काय आहे? आधी हायवे. मग हॉटेलं, रिसॉर्ट, धाबे, घरं. त्याच्यामागे चहाच्या बागा. आमचीही त्यातच. चहाच्या बागेत पाणी काढायला खोल चर खणलेले असतात, माणूस उडी मारून ओलांडतो, हत्तीचं पिल्लू त्यात पडतं.

एका पुरात सकाळी दवाखान्यात निघाले तर सरदार वाटेत उभा. सरदार म्हणजे पत्ती तोडणाऱ्या बायांचा मुकादम. म्हणाला, "बायदेउ (म्हणजे ताई), या सेक्शनमधून जाऊ नका, आत पाहुणे आहेत." चहाच्या रांगांमधे हॉग डिअर बसलेली. झुडपांची वरची पातळी कमरेएवढी, त्यामुळे लांबून काहीच दिसत नव्हतं. जवळची मादी माझ्यापासून दहा पावलांवर असेल. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, कानाच्या पाळीला जळवा लटकलेल्या, एका मागच्या पायाचं खूर सोलवटलेलं. ती मला बघत होती, पण उठायचं त्राण नव्हतं. त्या दिवशी त्या सेक्शनची पत्ती तोडली नाही. मॅनेजरसाहेबांनी कुरकुर केली, पण बाया गेल्याच नाहीत. दुपारपर्यंत ती डोंगराकडे निघून गेली असावीत. हायवेवर मात्र त्याच रात्री दोन हरणं ट्रकखाली गेली.

म्हणून, ताई, माझा राग पाण्यावर नाही, वाट अडवणाऱ्यांवर आहे. त्यात आम्ही चहावाले आलो, हॉटेलवाले आले आणि तिथं "जंगलाला लागून खोली" मागणारे प्रवासी पण आले. पुराच्या दिवसांत हायवेवर गाड्यांना वेळेची चिठ्ठी देतात. एका टोकाला वेळ लिहून द्यायची, दुसऱ्या टोकाला बघायची. ठरलेल्या वेळेआधी पोचलात तर वेगानं आलात, भरा दंड. साधा उपाय आहे आणि चालतो. 2019 साली सुप्रीम कोर्टानं कार्बी डोंगरांतून काझीरंगात येणाऱ्या नद्या-ओढ्यांच्या पाणलोटात खाणकामाला बंदी घातली, ते फार बरं झालं. डोंगर कोरला तर जनावरांनी पोहत जायचं कुठं? 2025 मध्ये केंद्रानं या हायवेच्या रुंदीकरणाला मंजुरी दिली, त्यात सुमारे 34 किलोमीटरचा रस्ता खांबांवरून जायचाय, जनावरं खालून जावीत म्हणून. कागदावर मला ते पटतं. खांबांखाली टपऱ्या बसल्या नाहीत तर.

जाता जाता गार्डांबद्दल, कारण त्यांच्याविषयी कुणीच विचारलं नाही. जंगलात दोनशेहून अधिक कॅम्प आहेत, बरेचसे खांबांवर उभे. पुरात खालचा भाग पाण्यात जातो, माणसं वर. कॅम्प सोडायचा नाही, कारण शिकारी पाण्यातूनच येतात. तांदूळ, डाळ, रॉकेल नावेनं येणार, आलं तर. आणि जिन्यावर कोरडी पायरी शोधत साप पण वर येतात. पाणी उतरल्यावर ही पोरं माझ्याकडे यायची ती पायांना चिखल्या घेऊन. बोटांच्या बेचक्यातलं कातडं पांढरं पडून सुटलेलं, चालता येईना. आम्ही जांभळं औषध लावायचो आणि आठ दिवस पाय कोरडे ठेवा म्हणून सांगायचो. ते हसायचे.

लातूरहून एक शिक्षक: "मुलांना आम्ही वणवा लावू नका म्हणून शपथ देतो. काझीरंगात वनखातंच गवताला आग लावतं असं वाचलं. मुलांना काय उत्तर देऊ?"

गुरुजी, मुलांना दोन्ही खरं आहे असंच सांगा. लातूरच्या माळावर आग लावणं वाईट आणि काझीरंगात मोजूनमापून लावलेली आग गरजेची.

पुरानं जेवढं काम केलं त्याचा उरलेला भाग आग करते. हिवाळा संपत आला की तिथलं उंच गवत वाळून लाकडासारखं होतं, जनावराच्या तोंडाला ते लागत नाही. जानेवारीपासून मार्चपर्यंत खातं एकेक तुकडा जाळतं. पंधरवड्यात राखेतून हिरवे कोंब वर येतात आणि मग बघायचं, हॉग डिअर, रानम्हशी, बारशिंगे सगळे तिथं उतरतात. हा बारशिंगा कान्हाच्या बारशिंग्याचा भाऊबंद, पण पोटजात वेगळी, पूर्वेकडची, आणि तिचा मुख्य ठिकाणा काझीरंगाच. रानम्हशींचंही तेच. आपल्याकडे गडचिरोलीत कोलामार्काला उरल्यासुरल्या रानम्हशी आहेत, काझीरंगात मात्र जगातल्या रानम्हशींचा मोठा हिस्सा राहतो. गवत राहिलं नाही तर यांतलं कुणीच राहत नाही.

मात्र आगीला वेळकाळ असतो. बंगाल फ्लोरिकन नावाचा पक्षी आहे, आपल्या तणमोराच्या नात्यातला, जगात फार थोडा उरलाय. उन्हाळा सुरू होताना नर गवतातून वर झेप घेऊन मादीला दाखवतो आणि मादी जमिनीवर अंडी घालते. उशिरा लावलेली आग म्हणजे त्याच्या अंड्यांचं मरण. शिवाय एका दमात सगळं जाळलं तर दडायला जागाच राहत नाही. तुकड्यातुकड्यानं, मधे न जाळलेला पट्टा सोडून, लवकर जाळावं असं मला वाटतं. पर्यटकांना गेंडा लांबून दिसावा म्हणून रस्त्याकडेचं गवत आधी साफ करायचं हे मला कधीच पटलं नाही. गार्डांनाही पटत नाही. ते साहेबांपुढे बोलत नाहीत, एवढंच.

आणि एक गोष्ट आग आणि पूर दोघांनाही आवरत नाही, मिमोसा. लाजाळूच्या जातीची, काटेरी, वेलासारखी गवतावर चढून त्याला गुदमरवून टाकणारी. जनावरांना ती विषारी. ही आली कुठून, तर चहाच्या बागांतून. जमिनीत नत्र वाढावं म्हणून लावलेली. बी पाण्याबरोबर वाहत जातं आणि पुरानंतर नव्या जागी उगवतं. बी धरायच्या आधी हातानं कापून काढावी लागते, दरवर्षी. म्हणजे जो पूर जंगल धुऊन काढतो तोच आमची घाणही आत नेतो.

नाशिकचे एक पक्षिमित्र: "नांदूर मध्यमेश्वरला दर हिवाळ्यात पट्टकादंब येतात. काझीरंगात दिसतात ते तेच का? आणि तिथं पक्षी बघायचे तर कुठले?"

तेच पक्षी की दुसरे, हे पायातल्या वळ्याशिवाय कोण सांगणार! जात एकच, डोक्यावर काळे पट्टे असणारा रानहंस. तिबेट, मंगोलिया, मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात आणि भारतभर पाण्याकाठी पांगतात. तुमच्याकडे गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे, तिकडे बिलांवर. तुमचं नांदूर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं. काझीरंगा जागतिक वारसा आहे 1985 पासून, पण रामसर यादीत नाही. आसामातून त्या यादीत गुवाहाटीजवळचं दीपोर बील आहे. गंमत म्हणून सांगितलं, पक्ष्यांना यादी वाचता येत नाही.

बघायचेच तर पूर्वेकडे, आगरातोलीला जा. सोहोला बिलाच्या काठी मनोरा आहे, तिथं दुर्बीण घेऊन बसा आणि जीपवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. माझा आवडता मत्स्यगरुड, काळ्या शेपटीवर रुंद पांढरा पट्टा असणारा. तो उंच सावरीवर काटक्यांचं भलं मोठं घरटं करतो आणि थंडीतच संसार मांडतो. फेब्रुवारीत त्याच सावरीला लाल फुलं लागलेली असतात, तुमच्याकडच्या काटेसावरीसारखीच. पेलिकन, म्हणजे आपला झोळीवाला, तोही तिथं सावरीच्या झाडांवर वसाहत करून घरटी बांधतो. एवढ्या बोजड पक्ष्यानं एवढ्या बारीक फांदीवर उतरावं हे बघण्यासारखं असतं. गवतात पहाटे दलदलीतला तित्तिर ओरडतो, दिसत मात्र नाही. आणि हरगिला, टकलू, गळ्याला पिशवी लोंबणारा मोठा करकोचा. पूर्वी लोक त्याला अभद्र समजून त्याची झाडं तोडायचे. गुवाहाटीच्या बाजूला, कामरूपमध्ये, पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना गोळा करून हे चित्र उलटं केलं. बायका आता साड्यांवर हरगिला विणतात. त्याबद्दल त्यांना 2022 चा संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला. काझीरंगाला जाताना गुवाहाटीला एक दिवस जास्त ठेवा.

साताऱ्याहून सहावीतली एक मुलगी: "गेंडा रोज एकाच जागी शी करतो असं टीव्हीवर सांगितलं. का?"

खरं आहे बाळ. एकट्याचा नाही, येणारा-जाणारा प्रत्येक गेंडा त्याच ढिगावर करतो. ढीग तुझ्या गुडघ्यापर्यंत येतो. त्याची नजर अधू असते, गवत त्याच्या डोक्यावरून जातं, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, मादी माजावर आहे का, हे सगळं तो तिथं हुंगून समजून घेतो. गावातल्या पारावर सगळ्या बातम्या कळतात ना, तसं.

पुढचं टीव्हीवर सांगितलं नसेल. पेटारी नावाचं एक झाड असतं. पावसाळ्यात त्याची फळं खाली पडतात, गेंडा ती खातो, आणि बिया या ढिगावर येऊन पडतात. ऊन आहे, खत आहे, आजूबाजूचं गवत गेंड्यांनी तुडवलेलं आहे, मग काय, रोपं फुटतात. नेपाळमधल्या चितवनात शास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केलाय. ढिगाजवळ जायचं नाही, कारण मालक कधी येईल सांगता येत नाही.

पुण्याहून एक निवृत्त बँक अधिकारी: "आसाम सरकारनं गेंड्यांची शिंगं जाळली. कोट्यवधींचा माल! विकून तोच पैसा जंगलाला का दिला नाही?"

साहेब, 22 सप्टेंबर 2021 ला काझीरंगाजवळच्या बोकाखात गावी 2,479 शिंगं जाळली, थोडी अभ्यासासाठी आणि संग्रहासाठी राखून. विकायची कुणाला? शिंगाचा व्यापार कायद्यानं बंद आहे. सरकारनंच दुकान उघडलं तर चोरट्याला आपला माल त्यात मिसळायला किती वेळ लागेल? बँकेत राहून हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. शिंगात औषध नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. नखात आणि केसात जे द्रव्य असतं तेच शिंगात. तुम्ही नखं कापून टाकता तशीच ही जाळली. 2022 मध्ये आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही, कित्येक दशकांत पहिल्यांदाच. त्यानंतर एखाददुसरा प्रकार झाला, पण 2013-14 च्या मानानं काहीच नाही. त्याच 2022 च्या गणतीत काझीरंगात 2,613 गेंडे होते. 1908 साली जंगल राखीव झालं तेव्हा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते असं सांगतात.

एक मात्र सांगू? शिंगाची एवढी चर्चा होते, पण आपला गेंडा लढताना शिंग फारसं वापरतच नाही. खालच्या जबड्यात त्याला सुळ्यासारखे धारदार दात असतात, त्यांनी तो चिरतो. गवत कापायला गेलेल्या एका माणसाची मांडी मी शिवलीय. खोल, सरळ, कोयत्यानं मारल्यासारखी चीर. मी आधी पोलीस केस समजले होते. बरोबरच्या माणसांनी हातवारे करून सांगितलं तेव्हा कळलं.

ठाण्याहून एक गृहस्थ: "जानेवारीत सत्तरीची आई आणि सहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन काझीरंगाला जायचा विचार आहे. कुठल्या भागात जावं? हत्तीवरून? वाघ दिसेल का?"

वाघ आहेत, भरपूर आहेत, आणि दिसणार नाहीत असं धरून चला. ताडोबात वाघ रस्त्यावर बसतो, इथं तो दोन माणूस उंच गवतात असतो. दिसला तर तुमचं नशीब, नाही दिसला तर मुलाच्या देखत ड्रायव्हरवर चिडू नका.

गेंडे बघायचे तर पश्चिमेचं बागोरी. पक्षी आणि शांतता हवी तर आगरातोली. मधलं कोहोरा सगळ्यांच्या सोयीचं, म्हणून गर्दीचं. बुढापहाड टेकड्यांचा भाग आहे, वेळ उरला तर. जमलं तर जानेवारीऐवजी फेब्रुवारीचा शेवट घ्या. जळलेल्या तुकड्यांवर हिरवळ आलेली असते, दिसतं जास्त आणि थंडी कमी. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, हे वेगळं सांगायला नको.

आईंना हत्तीवर बसवू नका. पाय फाकवून तासभर बसावं लागतं, गुडघे आणि कंबर दोन्ही बोलतात. जीपमधेही मधल्या बाकावर बसवा, मागच्या बाकावर धक्के फार. निघायच्या आधी बाथरूमला जाऊन या, आत सोय धरू नका. पहाटे धुकं असतं, कानटोपी आणि शाल हवीच, पण लाल-पिवळी भडक नको.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. तिकडे सूर्य आपल्या आधी उगवतो आणि आधी मावळतो. जानेवारीत पावणेपाचच्या सुमारास दिवस संपतो. चहाच्या बागांत म्हणूनच घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्याला बागान टाइम म्हणतात. दुपारची सफारी लवकर घ्या, जेवण त्याहून लवकर. विमान जोरहाटला मिळालं तर उत्तम, दोन-अडीच तासांत पोचाल. गुवाहाटीहून मात्र निम्मा दिवस जातो. मुलाला वरण-भात सगळीकडे मिळेल. तुम्ही मासे खात असाल तर टेंगा खा, आंबट आणि हलका, आपल्या तिखट रश्श्याची सवय असणाऱ्याला पहिल्या घासाला फिका वाटतो.

आणि येता-जाता हायवेवर ड्रायव्हरला 40 च्या वर जाऊ देऊ नका, पाटी असो नसो. जनावरांसाठी म्हणून सांगितलं तर हो म्हणेल आणि दोन किलोमीटरवर विसरेल. आईंना गाडी लागते म्हणून सांगा. सीट खराब होण्याला सगळेच ड्रायव्हर घाबरतात.